भिंतीवर लग्नपत्रिका, पाण्याला कुलूप

तुमच्याकडे शेवटची लग्नपत्रिका कशी आली होती? माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आली. चोवीस सेकंदांचा व्हिडिओ, सनईसकट. दुसऱ्याच दिवशी फोनची मेमरी भरली म्हणून मी तो डिलीट केला, आणि मग लग्नाचा हॉल नेमका कुठला म्हणून चार जणांना फोन करत बसले.

आता ही पत्रिका बघा. घराच्या दाराशेजारी भिंतीवर पांढरा चौकोन, त्यात लाल-पिवळ्या रंगाचा ठसठशीत गणपती, आणि खाली रंगानेच लिहिलेली नवऱ्या-नवरीची नावं आणि लग्नाची तारीख. डिलीट करायची सोय नाही. दहा वर्षांनी गल्लीतून जाणाऱ्यालाही कळतं की या घरात अमुक साली सून आली. जैसलमेरच्या गल्ल्यांमधून फिरताना अशा पत्रिका घराघरावर दिसतात. काही कोऱ्या करकरीत, काही उन्हाने इतक्या फिकट झालेल्या की गणपतीची फक्त सोंड ओळखू येते.

माझ्या आईला तर हा खेळच मिळाला. प्रत्येक दारापुढे थांबून ती नावं मोठ्याने वाचायची, तारखेवरून संसाराची वर्षं मोजायची आणि शेरा मारायची. एका घरासमोर तीन गणपती होते, शेजारी शेजारी. ती म्हणाली, "तीन मुलगे दिसतायत. धाकट्याचं आत्ताच झालंय, रंग ओला वाटतोय बघ." त्याच्या पुढच्याच घरी दोन गणपती आणि बाजूला मोकळी भिंत. "याचं अजून व्हायचंय. जागा राखून ठेवलीय." ते घर आमच्या मुक्कामाचं होतं, हे आम्हाला पाच मिनिटांनी कळलं. आणि आईचा अंदाज बरोबर होता.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघी चार दिवस तिथे होतो. या सदरात मी नेहमी तुम्हाला एखाद्या गावातलं रोजचं जगणं दाखवते. पण या गावाबद्दल लिहायला मला इतके महिने लागले, कारण तिथून मी थोडी अपराधी वाटून घेऊन परत आले. का, ते सांगते. आधी गाव तर बघून घ्या.

वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात ना? माझ्याही आल्या होत्या. गाडीतून उतरले आणि इकडे तिकडे बघत राहिले, वाळू कुठंय? टेकड्या बघायच्या तर सम नावाच्या गावाकडे जावं लागतं, सुमारे चाळीस किलोमीटरवर. जैसलमेर स्वतः खडकाळ माळावर वसलंय. दगड पिवळा, घरं पिवळी, बँक पिवळी, नवं हॉटेलही पिवळ्याच दगडाचं. दुपारी हा रंग अगदी सपाट, कंटाळवाणा वाटतो. पण संध्याकाळी साडेपाचला ऊन तिरपं झालं की तोच दगड मधासारखा दिसायला लागतो. 'सोनार किल्ला' हे नाव उगाच पडलेलं नाही. सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' हा सिनेमा १९७४ साली आला आणि तेव्हापासून बंगाली पर्यटक इथे जणू माहेरी यावं तसे येतात. आम्हाला एका दुकानदाराने आधी बंगालीत हाक मारली, मग गुजरातीत. मराठी त्याला 'कसं काय' एवढंच येत होतं, पण तेही त्याने न विसरता ऐकवलं.

किल्ला ११५६ सालचा, रावळ जैसल यांनी बांधायला घेतलेला. त्रिकूट टेकडीवर उभा आहे, ९९ बुरूज आहेत. तटाच्या माथ्यावर गोल गोल दगड मांडून ठेवलेत, शत्रू चढायला लागला की ढकलून द्यायला. कितीतरी वर्षं कोणी ढकलले नाहीत, पण कोणी हलवलेही नाहीत.

आपल्याकडचे किल्ले म्हणजे तटबंदी, टाकी, एखादं देऊळ आणि करवंदाच्या जाळ्या. इथे दरवाजातून आत गेलं की समोरून स्कूटर येते. मग शाळेतून परतणारी मुलं, भिंतीला टेकून उभी गाय, पापड वाळत घातलेली खाट, 'ट्यूशन क्लास'ची पाटी, शिवणयंत्राचा आवाज. काही हजार माणसं आजही या किल्ल्यात राहतात. त्यांची घरं, देवळं, दुकानं, भांडणं, सगळं तटाच्या आत. २०१३ साली राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर हाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे बघा, एखादी बाई जागतिक वारशाच्या खिडकीत बसून मेथी निवडत असते आणि खालून परदेशी पाहुणे तिचा फोटो काढत असतात. तिला त्याचं काही वाटत नाही. माझ्या आईला मात्र वाटलं. "विचारून तरी काढावा," ती पुटपुटली.

वीस मिनिटांची आंघोळ

आमचा मुक्काम किल्ल्यातच एका कुटुंबाकडे होता. खाली ते स्वतः राहतात, वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. घरात भाभी, त्यांचे यजमान, लग्नाचा धाकटा दीर आणि सगळ्यांवर नजर ठेवून असलेल्या दादीसा. ऐंशीच्या पुढच्या. डोक्यावरचा पदर कधी ढळत नाही आणि कानाला कमी ऐकू येतं असं फक्त सोयीनुसार.

रात्रभराच्या प्रवासाने अंगावर धूळ साचली होती. मी खोलीत गेले, शॉवर सोडला आणि निवांत आंघोळ केली. केस धुतले, मग पुन्हा धुतले. वीस मिनिटं तरी झाली असतील. खाली चौकात आले तर दादीसा बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बेटा, किती बादल्या?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग मी हसून म्हटलं, "दादीसा, बादली नाही, शॉवर."

त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बोट करून समोरच्या भिंतीचा पायथा दाखवला. पिवळ्या दगडावर जमिनीपासून मांडीपर्यंत काळपट, ओलसर डाग चढला होता आणि त्यावर मिठासारखा पांढरा थर. बोट लावलं तर दगडाची भुकटी हाताला लागली.

मुंबईत अशी ओल प्रत्येक घरात असते, म्हणून मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण जिथे वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे भिंतीला ओल? आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे जैसलमेरचा चार वर्षांहून जास्त पाऊस एका दिवसात. अशा कोरड्या गावात ओल येते कुठून?

याचं उत्तर मिळायला आधी दादीसांच्या लहानपणात जावं लागलं.

पालर, पाताल आणि रेजानी

दादीसा सांगतात, त्यांच्या लग्नानंतर कित्येक वर्षं घरात नळ नव्हता. पाणी गडीसरचं. हा तलाव चौदाव्या शतकात महारावळ गडसी यांनी बांधवून घेतला, त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नदी नाही, झरा नाही, आजूबाजूच्या माळावर पडलेला पाऊस ओघळत येतो आणि तिथे साठतो, एवढंच. तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पुढच्या तलावात, तो भरला की त्याच्या पुढच्या. शहराची तहान कित्येक शतकं याच पाण्याने भागली. किल्ल्यातल्या बायका डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन उतरायच्या आणि भरलेल्या घागरी घेऊन तो चढ चढायच्या.

तलावाच्या वाटेवर एक सुंदर कमान लागते, तिलोंची पोळ. पोळ म्हणजे दरवाजा. ही तिलों नावाच्या गणिकेने बांधवली अशी कथा आहे. गणिकेने बांधलेल्या दरवाजाखालून आमच्या राण्यांनी जायचं कसं, म्हणून ती पाडायचा घाट घातला गेला. तर तिलोंने वर कृष्णाचं देऊळ बांधून टाकलं. आता पाडून दाखवा! कथा खरी किती, खोटी किती, ते असो. दरवाजा मात्र उभा आहे आणि त्याखालून सगळे जातात.

तर, इतक्या लांबून आणलेलं पाणी वापरायचं कसं? दादीसांनी मला करूनच दाखवलं. मोठ्या परातीत पाट ठेवायचा, त्यावर बसून आंघोळ करायची. परातीत जमलेलं पाणी कपड्यांना. कपड्यांचं पाणी जमीन पुसायला किंवा मातीचा गिलावा कालवायला. भांड्यांना पाणी नाहीच, ती कोरड्या वाळूने घासून फडक्याने पुसायची. वाळूने घासलेलं पितळ लखलखतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्याकडे एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की तूप सांडलं तर काही गेलं नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. माझ्या वीस मिनिटांत त्यांचा जीव किती जळला असेल, कोण जाणे.

आसपासच्या वस्त्यांवर अजून दिसणारी एक गोष्ट म्हणजे टांका. अंगणात किंवा शेतात जमिनीखाली बांधलेली पाण्याची टाकी, वर चुन्याचा घुमटासारखा भाग, छोटंसं झाकण आणि झाकणाला चक्क कुलूप. आम्ही ज्या वस्तीवर गेलो होतो तिथे घराचं दार सताड उघडं होतं आणि टांक्याला मात्र कुलूप. आईने त्या बाईंना विचारलं, "दागिने?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेच तर आहेत आत."

तुम्ही आम्ही पाण्याला पाणीच म्हणतो. फार तर गार, गरम, फिल्टरचं. इथे पाण्याच्या तीन जाती आहेत. पावसाचं थेट मिळणारं ते पालर पाणी. खोल विहिरीतलं, बहुतेक वेळा खारट, ते पाताल पाणी. आणि या दोन्हींच्या मधलं रेजानी पाणी. हे तिसरं म्हणजे कमाल आहे. काही भागांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि त्या थरावर अडतं. खाली खाऱ्या पाण्यात जात नाही आणि वर वाळूमुळे उडूनही जात नाही. नुसती ओल बनून वाळूच्या कणांत राहतं. ती ओल थेंबाथेंबाने गोळा करायची म्हणून कुंई खणतात. कुंई म्हणजे अरुंद विहीर. विहीर पुल्लिंगी ती कुआं, ही लहान म्हणून कुंई.

ती खणणाऱ्या माणसाला चेजारो म्हणतात. आत जागा इतकी कमी की फावडं चालत नाही, छोट्या दांड्याच्या हत्याराने खणावं लागतं. खाली उकाड्याने जीव कासावीस होतो म्हणून वरचे लोक मधूनमधून मूठभर वाळू जोरात आत टाकतात. वाळूबरोबर ताजी हवा खाली जाते आणि खालची गरम हवा वर येते. डोक्यावर वाळू पडते, त्यासाठी चेजारो धातूचं भांडं टोपीसारखं घालतो. एवढं करून दिवसाला मिळतं किती? दोन-तीन घागरी. पण गोड. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात हे सगळं फार प्रेमाने लिहून ठेवलंय. हिंदी वाचत असाल तर जरूर वाचा. जैसलमेर जिल्ह्यातल्या एका वस्तीत अशा १२० कुंई होत्या, म्हणून तिला लोक 'छह-बीसी' म्हणत. आपल्या आज्या 'सहा विसा' म्हणायच्या, अगदी तसंच. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी बाजारात अंडी मोजताना दिसली.

हे समजलं की मग गावातल्या बाकीच्या गमती आपोआप उलगडायला लागतात. जेवणाचंच बघा. ताटात केर-सांगरीची भाजी येते. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची छोटी फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात, कारण हिरवी भाजी पिकवायला पाणी कुठून आणणार? आणि खेजडी म्हणजे काय, माहीत आहे? आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. आपण वर्षातून एकदा तिला नमस्कार करतो आणि इथले लोक तिच्या शेंगांची भाजी खातात, पाला जनावरांना घालतात, सावलीत बसतात. आईने तर भाजीलाच आधी नमस्कार केला.

हाबूर गावच्या दगडाची गोष्टही इथे सगळे सांगतात. दूध कोमट करून त्या दगडाच्या भांड्यात ठेवलं की विरजण न घालता दही लागतं म्हणे. भाभींनी आम्हाला त्यातलं दही वाढलं. दही चांगलं होतं. ते दगडाने लागलं की आदल्या दिवशीच्या दह्याचा अंश भांड्यात राहिल्याने, याची खात्री मी देणार नाही. पण तो दगड हातात घेऊन बघा. त्यात प्राचीन समुद्री जीवांचे अवशेष दिसतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. आणि शहरापासून सतराएक किलोमीटरवर आकल गावाजवळ झाडांचे दगड झालेले बुंधे पडलेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे. पाण्यासाठी कुलूप लावणारं हे गाव एके काळच्या समुद्राच्या तळावर बसलंय.

हवेल्यांबद्दल तुम्ही वाचलं असेलच. पटवा कुटुंबाच्या पाच हवेल्या, १८०५ पासून बांधायला घेतलेल्या, त्यांच्या जाळ्या बघून मान दुखते. मला आवडली ती नथमलची हवेली, १८८५ ची. दोन भावांनी ती कोरली, एकाने उजवी बाजू, दुसऱ्याने डावी. लांबून दोन्ही बाजू सारख्या वाटतात, जवळ जाऊन बघाल तर एकही नक्षी जुळत नाही. 'फरक शोधा'चा खेळ आम्ही अर्धा तास खेळलो. आणि जाळ्या फक्त शोभेच्या नाहीत बरं. त्यांच्या बारीक भोकांतून वारा आत येतो, ऊन येत नाही. गल्ल्याही मुद्दाम अरुंद, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्यावर पडते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ही सावली म्हणजे चैन नव्हे, गरज आहे.

नळ आला, आणि मग

आता त्या ओल्या भिंतीकडे येऊ.

पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात तिथे हरिके बंधारा आहे. तिथून निघालेला इंदिरा गांधी कालवा ६४९ किलोमीटर चालत जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढपर्यंत येतो. १९५८ साली काम सुरू झालं. हिमालयाचं पाणी थरच्या वाळवंटात आलं. माळरानावर गहू आणि मोहरी उभी राहिली, शहराला नळाने पाणी मिळालं. दादीसांच्या डोक्यावरची घागर उतरली. याला वाईट कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. घागर वाहून मान मोडलेल्या बाईला 'जुनं किती छान होतं' असं सांगणं म्हणजे शहाणपण नव्हे.

पण किल्ला मात्र घागरीच्या हिशोबाने बांधलेला होता. त्याचे दगड बरेचसे चुन्याशिवाय, एकमेकांत अडकवून रचलेले. खालची टेकडी ठिसूळ वाळूखडकाची आणि मातीच्या थरांची. पावसाचं पाणी चारही दिशांना बाहेर काढून देणारी 'घूट नाली' नावाची व्यवस्था जुन्या लोकांनी केली होती. पण ती अधूनमधून पडणाऱ्या पावसासाठी. प्रत्येक घरात रोज शॉवर, फ्लश, वॉशिंग मशीन चालेल, वर पाहुण्यांच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला वेगळी मोरी असेल, हे बाराव्या शतकातल्या गवंड्याच्या स्वप्नातही आलं नसणार. नालीची वाट नव्या बांधकामांनी अडवली. पाणी टेकडीत मुरायला लागलं. खालची माती फुगते, सुटते, आणि वरचे दगड सरकतात. बुरूज कोसळले, घरं खचली. १९९६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव घातलं. त्यानंतर सांडपाण्याच्या वाहिन्यांची, तटाच्या दुरुस्तीची कामं झाली. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये जोराच्या पावसात तटाचा एक भाग ढासळलाच.

पाण्याचा हा उलटा खेळ फक्त किल्ल्यात चालतो असं नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी मोहनगढजवळ एका शेतात बोअरवेल खणत होते. सुमारे ८५० फुटांवर गेल्यावर जमिनीतून पाण्याचा असा लोट उसळला की खणायचं यंत्र आणि त्याचा ट्रक जमिनीत गडप झाला. दोन दिवस पाणी उसळत राहिलं, शेत तळं झालं. तुम्हीही ते व्हिडिओ पाहिले असतील. मी तेव्हा फॉरवर्ड करून मोकळी झाले होते. तिथल्या शेतकऱ्याचं पीक त्या पाण्याखाली गेलं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दादीसांनी हे सगळं एवढ्या तपशिलात सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी आम्ही पाण्यासाठी खाली जायचो. आता पाणी आम्हाला खाली नेतंय."

कारण भाभींचं कुटुंब किल्ल्याबाहेर, सपाटीवर घर बांधतंय. मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलाय, त्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवलीय. पट्टी तुटली की समजायचं, भिंत अजून हलतेय. आम्ही होतो तेव्हा पट्टी शाबूत होती. भाभी रोज सकाळी देवपूजेनंतर ती बघून येत. यजमानांना पाहुण्यांच्या खोल्या बंद करायच्यात, पण नव्या घराचे हप्ते त्याच खोल्यांच्या भाड्यातून जातात. आणि आम्ही पाहुणे किल्ल्यात राहायलाच तर येतो ना, 'ऑथेंटिक' अनुभव हवा म्हणून. मीसुद्धा बुकिंग करताना फिल्टरमध्ये 'किल्ल्याच्या आत' हेच टाकलं होतं.

म्हणून तुम्ही जैसलमेरला जाणार असाल तर माझं ऐका. राहायला किल्ल्याच्या खाली राहा. खालून किल्ला जास्त छान दिसतो, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. कारण किल्ल्यात राहिलं की किल्ला दिसतच नाही! सकाळी वर चढा, दिवसभर हिंडा, वरच्या दुकानांतून खरेदी करा, जेवा, म्हणजे तिथल्या लोकांचा धंदाही चालेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण पहाटे स्वेटर लागतो, लहान मुलं असतील तर टोप्या विसरू नका. गडीसरवर ब्रेड टाकून मासे जमवायची टूम आहे, मोठमोठे मिशावाले मासे येतात, मुलांना मजा वाटते. मला त्या पाण्यात ब्रेड टाकावासा वाटला नाही. आणि कुठेही उतरलात तरी बादली मागा. मिळते. आईने दुसऱ्या दिवसापासून तेच केलं आणि तिसऱ्या दिवशी दादीसांनी आपणहून तिला चहा विचारला. मला चौथ्या दिवशी विचारला.

निघताना आईने धाकट्या दिराला विचारलं, "मग तुमचा गणपती कुठे काढणार? इथे की नव्या घरी?" भाभी म्हणाल्या, नवं घर तोवर पूर्ण होईल, तिथेच. तेवढ्यात, कानाला कमी ऐकू येणाऱ्या दादीसा आतल्या खोलीतून म्हणाल्या, "इथे."

मागच्या आठवड्यात भाभींचा फोटो आला. लग्न याच महिन्यात आहे. दाराशेजारी दोन जुने गणपती आणि तिसरा नवा, लाल-पिवळा, खाली नावं आणि तारीख. फक्त तिसरा गणपती बाकीच्या दोघांपेक्षा हातभर वर आहे. मला वाटलं, चित्रकाराचा अंदाज चुकला. मी भाभींना विचारलं. त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला, मागून ढोलकीचा आवाज येत होता. ओल तिथपर्यंत चढलीय, रंग धरत नव्हता, म्हणून दादीसांनी शिडी मागवली.